बीज पिकवण्याची आढी



टेस्ट ट्यूब बेबी म्हटलं की पहिली आठवतात ती इंजेक्शनं. आठ-दहा दिवस रोज सुई, अधूनमधून सोनोग्राफी. एकाच वेळी बरीच स्त्रीबीजं तयार व्हावीत म्हणून हा खटाटोप. पण ज्यांना पीसीओएस आहे, त्यांच्या अंडाशयांत कच्च्या बीजांची आधीच दाटी असते. त्यांना ही औषधं कधी गरजेपेक्षा जास्त लागू पडतात. अंडाशयं सुजतात, पोटात पाणी साठतं, क्वचित दवाखान्यात दाखल व्हावं लागतं. नव्या पद्धतींमुळे हा धोका बराच कमी झालाय, तरी सुया आणि खर्च आहेतच.

दुसरी वाट म्हणजे आयव्हीएम. यात बीजं कच्चीच काढून प्रयोगशाळेत पिकवतात. इंजेक्शनं अजिबात नाहीत, किंवा दोन-तीन दिवसच.

कल्पना जुनीच. स्त्रीबीज अंडाशयाबाहेर काढलं की साधारण दीड दिवसात आपोआप पिकतं, हे रॉबर्ट एडवर्ड्स यांनी १९६५ मध्येच दाखवलं होतं. पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे शास्त्रज्ञ तेच. मग ही पद्धत मागे का पडली? आंब्याचं उदाहरण घ्या. फार कोवळा आंबा आढीत घातला तर रंग येतो, गोडी येत नाही. बीजाचंही तसंच. केंद्रक पटकन पिकतं, भोवतीचा गाभा कच्चा राहतो. म्हणून आता काही ठिकाणी बीजाला आधी एक दिवस थोपवून धरतात, गाभा तयार होऊ देतात आणि मग पिकवतात.

व्हिएतनाममध्ये हो ची मिन्ह सिटीला ५४६ स्त्रियांवर या सुधारित पद्धतीची चाचणी झाली. २०२० मध्ये निकाल आला. पहिल्या गर्भरोपणानंतर आयव्हीएममध्ये शंभरातल्या सुमारे ३५ जणींना मूल झालं, नेहमीच्या पद्धतीत ४३ जणींना. हा फरक जाहिरातीत दिसत नाही, म्हणून मुद्दाम आकडे दिले. चाळिशीजवळच्या, मोजकीच बीजं उरलेल्या स्त्रीने या वाटेला जाऊ नये, असं माझं मत. कर्करोगाचे उपचार लगेच सुरू करायचे असतील, तर मात्र आठ-दहा दिवस थांबायला वेळच नसतो. तिथे ही पद्धत मोलाची आहे.

अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०२१ मध्ये हिच्यावरचा ‘प्रायोगिक’ हा शिक्का काढला. तरीही सगळी भिस्त प्रयोगशाळेतल्या हातांवर असते. तेव्हा सुनेला किंवा लेकीला कुणी आयव्हीएम सुचवलं, तर एवढं जरूर विचारा: इथे वर्षाला अशा किती केसेस होतात आणि त्यातल्या किती जणी बाळ घेऊन घरी गेल्या?