दुःखालाही रजा हवी



गर्भपात 'केला' आणि गर्भपात 'झाला', या दोन अगदी वेगळ्या अनुभवांना मराठीत शब्द एकच. पहिल्याबद्दल, म्हणजे बाईच्या निर्णयाच्या हक्काबद्दल, चळवळीत पुष्कळ बोललं गेलं. दुसऱ्याचं दुःख बहुतेक वेळा घरातच राहतं. आज त्याविषयी.

गेल्या माघात, अकराव्या आठवड्यात माझा गर्भ पडला. बारसं नाही, नाव नाही, म्हणून शोकही नाही. प्रश्न तेवढे होते. जिने किती चढलीस? दौरे कशाला केलेस? वैद्यकशास्त्र सांगतं की लक्षात आलेल्या १०० गर्भधारणांपैकी साधारण १० ते २० अशा संपतात, आणि सुरुवातीच्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. जिना चढल्याने गुणसूत्रं बिघडत नाहीत. तरी झडती बाईचीच.

त्या दिवसांत मी घरामागच्या आंब्याखाली जाऊन बसे. खाली बारक्या कैऱ्यांचा सडा पडलेला असे. आंबा हजारोंनी मोहरतो, त्यातली फार थोडी फुलं पाडापर्यंत पोचतात. झाडाला कोणी जाब विचारत नाही. तिथे मलाही कोणी विचारला नाही. निसर्गाने दुःख पुसलं असं मी म्हणणार नाही. मृगाच्या तोंडावर पावशा 'पेरते व्हा' म्हणू लागला तेव्हा मी खिडकी लावून घेतली होती. पण पहिल्या पावसानंतर वेताळ टेकडीवर हिरवं गवत पाहिलं आणि पोटभर रडले. 'पुरे आता' म्हणणारं तिथे कोणी नव्हतं.

मला आंब्याखाली बसता आलं, कारण रजा होती. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा दिली. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचं मात्र एका दिवसाच्या खाड्यालाही पैसे कापले जातात. तिचा सारा दिवस उघड्या रानात जातो, पण झाडाखाली टेकायला तिला सवड नाही.

या दुःखाला जागा दिली तर गर्भपाताच्या हक्काला धक्का लागेल, अशी शंका काही जणी काढतात. मला ती पटत नाही. निर्णय जिचा, दुःखही तिचंच. ते किती, हेही तीच ठरवेल.

तेव्हा गटाच्या बैठकीत हा विषय घ्या. रजेचा अर्ज करणाऱ्या मैत्रिणीबरोबर दाखला आणायला, साहेबाला भेटायला जा. असंघटित कामगार बायकांच्या मागण्यांत ही पगारी रजा लिहा. आणि 'होईल दुसरं' असं म्हणण्याऐवजी तिला बाहेर घेऊन जा, तिच्याजवळ गप्प बसा.

तुमचे अनुभव जरूर कळवा. नाव न घालताही छापू.