मूठ थांबवण्याचं शिक्षण

७ ऑगस्ट २०२१. टोकियोच्या निप्पॉन बुदोकानमध्ये ऑलिम्पिक कराटेतली ७५ किलोंवरील पुरुषांची अंतिम लढत रंगात आली होती. सौदी अरेबियाचा तारेग हमेदी इराणच्या सज्जाद गंजजादेविरुद्ध ४-१ असा पुढे होता. सौदी अरेबियाचं ऑलिम्पिकमधलं पहिलंवहिलं सुवर्णपदक हाताशी आलं होतं. तेवढ्यात हमेदीची उंच लाथ थेट बसली आणि गंजजादे बेशुद्ध होऊन मॅटवर कोसळला. त्याला स्ट्रेचरवरून बाहेर नेलं गेलं. पंचांनी आपसात चर्चा केली आणि हमेदीला बाद ठरवलं. सुवर्णपदक मिळालं ते बेशुद्ध पडलेल्या गंजजादेला.

ज्यांनी कराटे फक्त सिनेमात पाहिलं आहे, त्यांना हा निकाल उफराटा वाटला. पण या खेळाच्या नियमांत तो चोख बसतो. कराटेच्या या प्रकारात ठोसा किंवा लाथ पूर्ण वेगाने न्यायची, पण ऐन वेळी आवरायची असते. ताबा सुटला तर गुण मिळणं दूरच, शिक्षा होते. आपल्या मुलांना कराटेला घालणाऱ्या प्रत्येक आईबापाने ही लढत एकदा तरी पाहावी. मुलांवर कराटेचे जे चांगले परिणाम होतात, त्यांचं मूळ या आवरण्यातच आहे.

महाराष्ट्रात आज कराटेचा क्लास नाही असं शहर शोधून सापडायचं नाही. सोसायटीच्या गच्चीवर, शाळेच्या पटांगणात, लग्नसराई नसेल तेव्हा मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये, संध्याकाळी ‘इची, नी, सान, शी’ असं जपानी आकड्यांत मोजणं ऐकू येतं. पालकांची कारणंही ठरलेली असतात. मुलगा एका जागी बसत नाही. अभ्यासात लक्ष नाही. मोबाइल सुटत नाही. मुलीला वेळप्रसंगी स्वतःला सांभाळता आलं पाहिजे. या अपेक्षा रास्त आहेत आणि कराटे त्या बऱ्याच अंशी पुऱ्या करू शकतं. फक्त ते कसं शिकवलं जातं, यावर सगळं अवलंबून आहे, आणि नेमका हाच प्रश्न प्रवेशाचा फॉर्म भरताना कुणी विचारत नाही.

मुलांसाठीचं कराटे ही मुळात एका शिक्षकाची निर्मिती आहे. ओकिनावा बेटावर ही विद्या पूर्वी गुपचूप, मोजक्या शिष्यांना, बहुधा रात्रीच्या वेळी शिकवली जाई. अँको इतोसू हे तिथल्या राजदरबारात लेखनिक होते. जपानने १८७९ मध्ये राज्य खालसा केलं आणि जुनी व्यवस्था मोडली. सत्तरीच्या घरात पोचलेल्या इतोसूंनी १९०१ मध्ये शुरी गावच्या प्राथमिक शाळेत मुलांना कराटे शिकवायला सुरुवात केली. पुढे १९०५ पासून ते माध्यमिक शाळेत शिकवू लागले. लहानांच्या हाती देऊ नये असं जे काही होतं, ते त्यांनी वगळलं. एकेका शिष्याऐवजी अख्ख्या वर्गाला रांगेत उभं करून आकड्यांवर सराव घेण्याची रीत त्यांच्या काळात रुळली. आणि मुलांना झेपतील असे पाच छोटे ‘काता’ त्यांनी बसवले. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने, काल्पनिक प्रतिस्पर्ध्यांशी करायच्या हालचालींची साखळी. आज नागपुरात किंवा नाशकात पिवळ्या पट्ट्याची मुलगी जो काता परीक्षेत करून दाखवते, तो बहुतेक वेळा इतोसूंच्या याच पाचांपैकी एक असतो.

१९०८ च्या ऑक्टोबरमध्ये इतोसूंनी शिक्षण खात्यासाठी दहा मुद्द्यांचं पत्र लिहिलं. कराटेने शरीर कणखर होतं, ही विद्या कुणाला इजा करण्यासाठी नाही, असं त्यात आहे. कराटे शिकलेली मुलं पुढे चांगले सैनिक होतील, असंही आहे. हा दुसरा भाग नजरेआड करून चालणार नाही. जपान तेव्हा लष्करी सत्ता म्हणून उभा राहत होता आणि शाळेतली शिस्त बराकीच्या शिस्तीला जवळची मानली जात होती. रांगेत उभं राहून एका आवाजात ओरडणाऱ्या मुलांचं चारित्र्य घडतं आहे की त्यांना फक्त आज्ञा पाळायला शिकवलं जात आहे, हा प्रश्न कराटेला जन्मापासून चिकटलेला आहे. आजच्या प्रत्येक सरांनी तो स्वतःला विचारायला हवा.

इतोसूंचे शिष्य गिचिन फुनाकोशी हेही पेशाने शाळामास्तर. लहानपणी ते अशक्त होते. पन्नाशी उलटल्यावर, १९२२ मध्ये, ते टोकियोला प्रात्यक्षिक दाखवायला गेले आणि तिथेच राहिले. जपानच्या मुख्य भूमीवर कराटे रुजलं ते मुख्यतः त्यांच्यामुळे. कराटे शिकलेल्याने पहिला हात उचलायचा नाही, हा त्यांचा दंडक जगभरच्या क्लासात आजही सांगितला जातो. त्यांची तरुणपणीची एक गोष्ट तर आजच्या पालकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. फक्त तीन काता शिकण्यात त्यांची दहा वर्षं गेली. एकच काता पुन्हा पुन्हा, गुरूचं समाधान होईपर्यंत.

एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करून मुलाचं लक्ष कसं वाढेल? मूल तर कंटाळेल. ही शंका असेल तर इतोसूंच्या पाच कातांपैकी मुलं आज आधी शिकतात त्या ‘हेयान शोदान’चा सराव जवळून पाहावा. हालचाली २१. सात-आठ वर्षांचं मूल डावीकडे वळून खालचा बचाव करतं, पाऊल टाकून ठोसा मारतं, मागे वळतं. ठोसा मारताना दुसरी मूठ कमरेशी ओढून घ्यायची असते. ती हमखास विसरते. मधल्या रेषेवर वरच्या बचावाची तीन पावलं, नवव्या हालचालीला पोटातून आरोळी. मग येतं अवघड वळण: पाठीमागून फिरत पाऊण गिरकी. इथे रांगेतलं एखादं मूल उलटं फिरतं आणि शेजारच्याच्या समोरासमोर उभं राहतं. दोघंही हसू दाबतात. दुसरी आरोळी सतराव्या हालचालीला. शेवटची हालचाल संपते तेव्हा मूल जिथून निघालं त्याच जागी परत यायला हवं. पावलं कमीजास्त पडली असतील तर ते हातभर बाजूला उभं असतं. सरांनी एक शब्द बोलायच्या आत फरशीनेच त्याला सांगितलेलं असतं की पुन्हा कर.

या थोड्याशा वेळात मेंदूला तीन कामं करावी लागतात. पुढची हालचाल मनात धरून ठेवायची, शेजारच्याचं पाहून चुकीच्या बाजूला वळण्याची ऊर्मी दाबायची, आणि दिशा बदलली की लगेच जुळवून घ्यायचं. मानसशास्त्रज्ञ याला कार्यकारी क्षमता म्हणतात. गणित सोडवताना, रांगेत थांबताना, भावंडावर उगारलेला हात खाली घेताना हीच क्षमता वापरली जाते. अडेल डायमंड आणि कॅथलीन ली यांनी २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ४ ते १२ वर्षांच्या मुलांची ही क्षमता कशाकशाने वाढते याचा आढावा घेतला. त्यात पारंपरिक मार्शल आर्ट्सचा समावेश होता.

त्या आढाव्यामागचा एक अभ्यास मुळातून समजून घेण्यासारखा आहे. किम्बर्ली लेक्स आणि विल्यम हॉइट यांनी तो २००४ मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या एका शाळेत बालवर्गापासून पाचवीपर्यंतच्या २०७ मुलांपैकी काहींना नेहमीचा पीटीचा तास मिळाला, तर काहींना तेवढाच वेळ तायक्वांदोचा, म्हणजे कराटेच्या कोरियन भावंडाचा. तीन महिन्यांनी तायक्वांदोच्या मुलांचा स्वतःवरचा ताबा, वर्गातलं वागणं आणि तोंडी गणितही पीटीच्या मुलांपेक्षा सुधारलेलं दिसलं. मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये फरक जास्त होता, आणि अगदी लहानांपेक्षा मोठ्या वर्गांत जास्त. या तासांत मुलांना स्वतःला तीन प्रश्न विचारायला शिकवलं होतं: मी कुठे आहे, मी काय करतोय, मी काय करायला हवं? किती साधे प्रश्न! पण चौथीतल्या मुलाने ते दिवसातून दोनदा स्वतःहून विचारले, तर शिक्षकांचं आणि आईचं निम्मं ओरडणं वाचेल.

पण उलट दाखवणारे अभ्यासही आहेत, आणि क्लासच्या जाहिरातीत ते कधीच येत नाहीत. १९८६ मध्ये मायकेल ट्रल्सन यांनी गुन्हेगारीकडे झुकलेल्या १३ ते १७ वर्षांच्या ३४ मुलग्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला पारंपरिक पद्धतीने तायक्वांदो शिकवलं: ध्यान, काता, आदराचे नियम, सरावामागचा विचार. दुसऱ्या गटाला फक्त मारामारीचं तंत्र. तिसऱ्याला धावणं आणि बास्केटबॉलसारखे खेळ. सहा महिन्यांनी पहिल्या गटाची आक्रमकता उतरली होती. दुसऱ्या गटाची चढली होती. मुलं तशीच, काळ तेवढाच, लाथाही त्याच. फरक होता तो बाकीच्या गोष्टींत. गट लहान होते, त्यामुळे एवढ्यावर शिक्कामोर्तब करता येत नाही. पण २००५ मध्ये नॉर्वेत इंगर एंड्रेसन आणि दान ओल्वेयस यांनी ११ ते १३ वर्षांच्या मुलग्यांचा दोन वर्षं मागोवा घेतला, तेव्हा मुष्टियुद्ध, कुस्ती, वेटलिफ्टिंग आणि मार्शल आर्ट्स करणाऱ्यांमध्ये खेळाबाहेरची दांडगाई वाढलेली आढळली. कराटेला घातलं की मूल आपोआप शहाणं होईल, ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

आपल्याकडच्या क्लासांची खरी अडचण इथेच आहे. महाराष्ट्रातले बरेच क्लास ट्रल्सन यांच्या दुसऱ्या गटाकडे झुकतात आणि त्याला पट्ट्यांच्या बाजाराची जोड मिळते. दर तीन-चार महिन्यांनी ग्रेडिंग, प्रत्येक ग्रेडिंगची वेगळी फी, नवा पट्टा, फोटो, प्रमाणपत्र. हे रंग मूळच्या कराटेत नव्हते. पट्ट्याची कल्पना जुदोचे जनक जिगोरो कानो यांची. फुनाकोशींनी कराटेतले पहिले काळे पट्टे दिले ते १९२४ मध्ये. मधल्या रंगांची चढती भाजणी युरोपातल्या जुदोत रुजली आणि नंतर सगळीकडे गेली. रंगांना विरोध असायचं कारण नाही, मुलांना छोटी पायरी लागते. पण ज्या ग्रेडिंगमध्ये कुणीच कधी नापास होत नाही, तिथे मूल एकच गोष्ट शिकतं: पैसे भरले की पुढचा रंग मिळतो. दहावी-बारावीत खेळाडूंना मिळणाऱ्या वाढीव गुणांमुळे प्रमाणपत्राची हाव आणखी वाढते. चारित्र्य घडवण्याच्या नावाखाली चाललेला हा उलटा संस्कार आहे.

म्हणून नाव घालण्याआधी पालकांनी एक संध्याकाळ क्लासच्या भिंतीशी बसून पाहावं. सर काताला किती वेळ देतात? जोडीच्या सरावात जोरात लागलं तर काय होतं? मारणाऱ्याला थांबवून समोरच्याला वाकून नमस्कार करायला लावतात की ‘चलता है’ म्हणून पुढे जातात? मोठा पट्टा असलेली मुलं छोट्यांना शिकवतात की त्यांच्यावर दादागिरी करतात? चुकलेल्या मुलाला पट्ट्याचा फटका देणारे, सगळ्यांदेखत पुश-अप्स मारायला लावून त्याची टर उडवणारे सर दिसले, तर तिथून उठावं, मग भिंतीवर कितीही करंडक मांडलेले असोत. कोल्हापूरच्या तालमीत वाढलेल्या कुणालाही हे वेगळं सांगावं लागणार नाही. मातीत उतरण्याआधी तिला हात लावून नमस्कार करायचा आणि वस्तादाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे तिथल्या पोराच्या अंगात डावपेचांच्या आधी भिनतं.

फी परवडणाऱ्यांना क्लास निवडता तरी येतो. सरकारी शाळेतल्या मुलांचं काय? समग्र शिक्षा अभियानात मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण ही योजना आहे. सहावी ते बारावीच्या मुलींना कराटे, जुदो, तायक्वांदो असं काहीतरी तीन महिने शिकवायचं आणि त्यासाठी शाळेला दरमहा ५००० रुपये द्यायचे. हेतू चांगलाच आहे. मोठ्याने ओरडायला, ताठ उभं राहायला, अंगावर येणाऱ्याच्या डोळ्यांत पाहायला शिकलेली मुलगी तीन महिन्यांतही काहीतरी घेऊन जाते. पण बाहेरून आलेला प्रशिक्षक तीन महिन्यांनी निघून जातो आणि त्याच्याबरोबर सरावही जातो. शिवाय हाताला आवर घालायला शिकण्याची गरज ज्यांना बहुधा जास्त आहे, ते मुलगे या योजनेत मोजलेच जात नाहीत.

याचं उत्तर इतोसूंच्या त्या १९०८ च्या पत्रात सापडतं. त्यांचा आग्रह असा होता की कराटे आधी अध्यापक विद्यालयात शिकवा. तिथून बाहेर पडलेले शिक्षक ते गावोगावच्या शाळांत नेतील. महाराष्ट्रात डी.एल.एड. आणि बी.पी.एड.ची महाविद्यालयं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. तिथे हेयानचे पाच काता, पडण्याचं आणि थांबण्याचं तंत्र आणि मुलांना न मारता शिस्त कशी लावावी याचा एक वर्षाचा पाठ सुरू करता येईल. त्याला मॅट लागत नाही, महागडी साधनं लागत नाहीत; झाडलेलं पटांगण पुरतं. शिकलेला शिक्षक शाळेतच राहील. जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीपासून, मुलगे आणि मुली एकाच रांगेत, आठवड्याला दोन तास त्याच्यासमोर उभे राहतील. पट्टा द्यायचाच असेल तर वर्षातून एकदा द्यावा, आणि ज्याचा काता कच्चा राहिला त्याला पुढच्या वर्षी पुन्हा संधी मिळावी. शालेय शिक्षण विभागाने दोन-तीन जिल्ह्यांत याचा प्रयोग करून पाहायला काहीच हरकत नाही. तीन महिन्यांच्या योजनेवर होणाऱ्या खर्चातूनच त्याची सुरुवात करता येईल.