सर्व्हरला अलार्म आहे, विहिरीला नाही

परवा रात्री अडीचला फोन वाजला. आमच्या एका सर्व्हरची डिस्क नव्वद टक्के भरली होती. डोळे चोळत उठलो, दहिसरच्या आमच्या वन बीएचकेत अंधारातच लॉगिन केलं, जुन्या फायली उडवल्या आणि पुन्हा आडवा झालो. नसतो उठलो तर? फार तर चार लोकांना रिपोर्ट उशिरा मिळाला असता.

आता नागपूरजवळच्या कोराडीला चला. औष्णिक वीज केंद्रातली राख पाण्यात कालवून खसाळ्याच्या तलावात सोडतात, ती बांधामागे साचत जाते. खाणींचे टेलिंग्ज डॅम असतात ना, त्यांचाच हा चुलतभाऊ. १६ जुलै २०२२ ला भर पावसात हा बांध फुटला. राखेचा चिखल शेतात आणि नदीत. टीव्हीवर दिसला, मग आपण विसरलो.

बांध फुटला की निदान दिसतं तरी. झिरपलेलं दिसत नाही. मंथन अध्ययन केंद्र आणि नागपूरच्या सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट यांनी नोव्हेंबर २०२१ मध्येच, म्हणजे आठ महिने आधी, कोराडी-खापरखेडा भागातल्या पाण्याचा अहवाल दिला होता. नमुन्यांत जड धातू सापडले होते. हे काम संस्थांनी का करावं?

खरं तर उपाय जुनाच आहे. निरीक्षण विहीर. म्हणजे एक अरुंद बोअर, त्यात खाली चिरा पाडलेला पाइप, भोवती खडी आणि वर चिकणमातीची डाट, म्हणजे पावसाचं पाणी थेट आत जात नाही. एक विहीर भूजल येतं त्या बाजूला, दोन-तीन ते जातं त्या बाजूला. दोन्हीकडच्या पाण्यात फरक पडला की समजायचं, गळतंय. आणि पहिलं मोजमाप राख पडायच्या आधीच घ्यायचं. नंतर घेतलंत तर 'इथलं पाणी पहिल्यापासूनच असं होतं' हे उत्तर तयार असतंच!

'खर्च कोण करणार?' असं विचारणाऱ्यांनी वीज केंद्राची किंमत बघावी आणि मग चार बोअरची.

पण नुसत्या विहिरी खणून भागत नाही. ब्राझीलमध्ये ब्रुमादिन्योच्या बांधात पाण्याचा दाब मोजणारी उपकरणं होती. सप्टेंबर २०१८ मध्ये बांध स्थिर असल्याचं प्रमाणपत्रही मिळालं होतं. २५ जानेवारी २०१९ ला तो फुटला, २७० माणसं गेली. मोजणारा, सही करणारा आणि पैसे देणारा एकाच टेबलावर बसले की असं होतं.

आपल्याकडे पर्यावरण मंजुरीच्या अटी पाळल्याचा अहवाल सहा महिन्यांनी द्यायचा असतो. देणार कोण? प्रकल्पवालेच! आमच्याकडे कुणी स्वतःचाच कोड टेस्ट करून पास केला तर मॅनेजर झापतो.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. विहिरींची जागा भूजल खात्याने ठरवावी. नमुना गावकऱ्यांसमोर घ्यावा. आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लागावेत, आणि मर्यादा ओलांडली की त्याच दिवशी टँकर यावा.

आपण आयटीवाले यात काय करणार? दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज तर करू शकतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे राखेच्या तलावाजवळच्या विहिरींचे गेल्या पाच वर्षांचे आकडे मागायचे. मी या आठवड्यात टाकतोय. उत्तर आलं की इथेच लावीन. नाही आलं तर अपील करीन, आणि तेही लिहीन.