दिवस पहिला : रेल्वे प्रवास

दिवाळी सरली की आपल्याकडे सहलींच्या जाहिराती सुरू होतात. ‘दक्षिण भारत दर्शन. अकरा दिवस. रेल्वेने. शुद्ध महाराष्ट्रीय जेवण, सोबत मराठी मार्गदर्शक.’ त्या पत्रकातला कार्यक्रम कधी नीट वाचून पाहा. दिवस दुसरा म्हैसूर, दिवस तिसरा उटी, असे करत करत शेवटी रामेश्वर नि कन्याकुमारी. आणि दिवस पहिला? ‘रेल्वे प्रवास.’ बस्स. माझे भांडण या दोन शब्दांशी आहे.

मडगावहून निघालेली आपली गाडी कुळे सोडून घाट चढू लागते. दूधसागर आला की अख्खा डबा खिडक्यांना चिकटतो. कॅसलरॉक गेले की पत्ते निघतात, चिवड्याचे डबे उघडतात, आणि लोंढा कधी आले नि गेले याचा पत्ता नसतो. लोंढा खानापूर तालुक्यात, बेळगाव जिल्ह्यात. तिथून आपली गाडी हुबळीकडे वळते. पुण्या-मुंबईचे सहलकरी मिरजेहून थेट बेळगाव स्टेशनातूनच जातात, पण तेही चहापुरतेच खाली उतरतात. म्हणजे मराठी माणसाची ‘दक्षिण’ हुबळीच्या पुढे सुरू होते. खानापूर, बेळगाव, चिकोडी, निपाणी हा मुलूख दक्षिणही नाही आणि महाराष्ट्रही नाही. तो नुसता प्रवास!

बरे, आपण गोवेकर बेळगावला जात नाही असे कोण म्हणेल? आपल्या चुलीवर शिजणारी भाजी बेळगावची. लग्नाचा बस्ता बेळगावचा. मोठे दुखणे आले की इस्पितळ बेळगावचे. सकाळी जायचे, खडेबाजारात फिरायचे, कुंद्याचे चार डबे घ्यायचे आणि संध्याकाळी चोर्ला घाटाने परत. खानापूर तालुक्याचे नाव तर आपण म्हादईच्या बातमीखेरीज वाचतच नाही. कणकुंबी म्हणजे कळसा कालवा, एवढेच आपल्याला ठाऊक. त्या गावात मराठी बोलणारी माणसे राहतात, त्यांची माउलीची जत्रा असते, हे कुणाच्या गावी नसते. आणि तिकडचाच कुणी मजूर आपल्या बांधकामावर आला की तो ‘घाटी’. मराठीच्या नावाने सभा गाजवणाऱ्यांच्या तोंडीही हा शब्द मी ऐकला आहे.

आता गंमत पाहा. आपण ज्या बसने बेळगावला जातो तिचे नाव ‘कदंब’. चांदर आणि गोवापुरीच्या कदंबांची दुसरी राजधानी होती हळशी, खानापूरहून पंधराएक किलोमीटरवर. बाराव्या शतकातले भूवराह-नरसिंहाचे देऊळ तिथे अजून उभे आहे. कित्तूरच्या बाजूला देगावला कदंबांची राणी कमलादेवी हिने बांधवलेले कमलनारायणाचे देऊळ आहे. तांबडी सुर्लाच्या महादेवापुढे उभे राहून ‘आमचा कदंब वारसा’ म्हणणारे किती जण हळशीला गेलेत? हंपीला गेलेले मात्र शंभर सापडतील. हंपी मोठीच आहे, तिच्याशी स्पर्धा नाही. पण हळशी गोव्याच्या इतिहासाचे अर्धे पान आहे आणि ते पान आपण पत्ते खेळत ओलांडतो.

कन्याकुमारीला गेलेला प्रत्येक मराठी गट विवेकानंद शिलेवर फोटो काढतो. ते स्वामी १८९२ च्या डिसेंबरात त्या टोकाला पोचले. त्याआधी ऑक्टोबरात ते कुठे होते? बेळगावात. आधी भाटे वकिलांकडे राहिले, मग किल्ल्यात हरिपद मित्रांच्या घरी. आज किल्ल्यात रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. बेळगावहूनच ते गोव्यात आले, मडगावला. म्हणजे ज्याच्या नावाच्या खडकापर्यंत आपण तीन दिवस गाडीत बसून जातो, तो स्वतः आपल्या दारात उतरला होता आणि आपल्या शेजाऱ्याकडे राहून आला होता. पत्रकात याचा उल्लेख नाही. त्याच किल्ल्यात रट्टांच्या काळातली कमल बस्ती आहे. गांधीजी ज्या एकाच काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले ते १९२४ चे अधिवेशन बेळगावचे, आणि त्यासाठी खोदलेली विहीर अजून दाखवतात. पुलंचे ‘रावसाहेब’ इथले. कुमार गंधर्वांचा जन्म याच जिल्ह्यातला, सुळेभावीचा. मातृभाषा कानडी, आणि आपण त्यांना आपले म्हणतो ते उगाच नव्हे.

टूरवाल्यांचे उत्तर ठरलेले असते. ‘बेळगावात पाहण्यासारखे काय आहे? लोक पैसे देणार नाहीत.’ त्यांचा धंदा आहे, त्यांना मी फारसा दोष देत नाही. दोष गिऱ्हाइकाचा. मी सरकारी कारकून. एल.टी.सी.चे अर्ज माझ्या टेबलावरून जातात. भाडे सरकार देणार म्हटले की ‘ठिकाण’ या रकान्यात नकाशावरचे सर्वांत लांबचे नाव पडते. शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या गावासाठी सवलत वाया कोण घालवणार! या हिशेबाने पाहिले तर बेळगावचा गुन्हा एवढाच की ते जवळ आहे.

महाराष्ट्राचे वागणे तर याहून न्यारे. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला कुठे? १९४६ साली बेळगावच्याच साहित्य संमेलनात, माडखोलकर अध्यक्ष असताना. राज्य आले १९६० साली आणि ठरावाचे गाव बाहेर राहिले. १९६७ च्या महाजन अहवालाने निपाणी, खानापूर, नंदगड महाराष्ट्राला द्यायला सांगितले, बेळगाव मात्र नाही. तो अहवाल महाराष्ट्राने नाकारला. २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा गेला. दावा लढवा, जरूर लढवा, पण दाव्यातल्या गावांत माणसे राहतात ना? १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला त्यांच्यासाठी घोषणा द्यायच्या आणि डिसेंबरात त्यांच्या स्टेशनावरून झोपून जायचे, ही कसली आपुलकी?

निपाणीला तर रेल्वेही नाही, म्हणून ती ‘रेल्वे प्रवासा’तही बसत नाही. तंबाखूचे, विड्या वळणाऱ्या बायांचे गाव. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर ठाण मांडून बसले, ‘आंदोलननगर’ उभे राहिले, आणि ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळ्यांनी शेतकरी मेले. निपाणीची पोरे ज्या देवचंद कॉलेजात शिकतात ते गावाला लागूनच आहे, पण ते अर्जुननगर महाराष्ट्रात, कोल्हापूर जिल्ह्यात. गाव एका राज्यात, कॉलेज दुसऱ्यात. सीमा म्हणजे काय हे पाहायचे तर याहून चांगली जागा कुठली? वाघा बॉर्डरला मात्र आपण आवर्जून जातो.

कुणी म्हणेल, तिकडे भाषेची भांडणे, कशाला जायचे? येळ्ळूरचा ‘महाराष्ट्र राज्य’ हा फलक २०१४ साली पोलिसांनी काढला, तेव्हा लोकांनी काठ्या खाल्ल्या हे खरे. पण मी तुम्हांला रणभूमी पाहायला बोलावत नाही. हळशीचे जुने लेख मराठीत नाहीत, ते वाचायला कानडी आणि संस्कृतचाच जाणकार लागतो. बेळगावच्या बाजारात माणूस एका वाक्यात दोन भाषा बोलतो आणि त्याला त्याचे काही वाटत नाही. आपणही घरी कोकणी बोलून मराठी वाचणारी माणसे. हे आपल्याला नाही समजणार तर कुणाला समजणार?

आणि काळ कुठला निवडायचा हेही सांगतो. डिसेंबर ते फेब्रुवारी. कोवळे ऊन, कोरडी हवा, घाम नाही. तुमच्या दक्षिण दर्शनाचाही हाच मोसम आणि सीमाभागातल्या गावोगावच्या मराठी साहित्य संमेलनांचाही हाच. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, माचीगड, निपाणीकडचे कारदगा. सरकारी अनुदानाची वाट न पाहता गावे वर्गणी काढून ही संमेलने भरवतात. सकाळी ग्रंथदिंडी निघते, बाया नऊवारी नेसून डोक्यावर पुस्तके घेऊन चालतात, शाळेची पोरे लेझीम खेळतात, मग दिवसभर भाषणे, कथाकथन, कविसंमेलन. आपल्या शहरी संमेलनात दुसऱ्या सत्राला खुर्च्या रिकाम्या असतात, इथे माणसे मांडवाबाहेर उभी राहून ऐकतात.

चाळीस जणांचा गट करा. पहिला मुक्काम बेळगाव, दुसऱ्या दिवशी हळशी नि देगाव, तिसऱ्या दिवशी ज्या गावी संमेलन असेल ते गाव. तारखा बेळगावच्या वर्तमानपत्रांत आधी येतात. तिथून हुबळीला जाऊन गाडी पकडा आणि खुशाल जा कन्याकुमारीला. शुद्ध महाराष्ट्रीय जेवणासाठी आचारी बरोबर न्यायची गरज नाही, संमेलनाच्या दिवशी दुपारी गाव जेवायला घालते. फक्त किती माणसे येणार ते आदल्या दिवशी कळवा म्हणजे झाले.