निसर्गाचा खंड कोणाच्या खिशात?

आइसलँडची राजधानी रेक्याविक येथे परदेशी पाहुण्यांना एका दिवसाची 'खाजगी सहल' विकली जाते. सकाळी हॉटेलच्या दारात मोटार येते. तिचा चालक हाच वाटाड्याही असतो. थिंगवेत्लिरची दुभंगलेली भूमी, गेसिरचे उसळणारे झरे, गुलफॉसचा धबधबा, केरिडचे ज्वालामुखीचे विवर आणि दिवसअखेर गरम पाण्याच्या कुंडात स्नान, असा अडीचशे किलोमीटरांच्या आसपासचा फेरा संध्याकाळपर्यंत पुरा होतो. या मार्गाला 'सुवर्णवर्तुळ' म्हणतात. बसमधील गर्दी नको, अनोळखी सहप्रवासी नकोत, धरित्रीचे अंतरंग केवळ आपल्यासाठी उघडे व्हावे, असे या सहलीचे आकर्षण असते. भारतातील सुखवस्तू वर्गही अलीकडे या गिऱ्हाइकांत सामील झाला आहे.

प्रवास करणे हा काही गुन्हा नव्हे. पगारी रजेसाठी जगभरच्या कामगार चळवळींनी लढे दिले, ते माणसाला कारखान्याच्या भिंतीपलीकडचे जग पाहता यावे म्हणूनच. प्रश्न प्रवासाचा नाही, मालकीचा आहे. या सहलीची भरभक्कम किंमत घेतली जाते, ती नेमकी कशाची?

मोटार, इंधन, वाटाड्याचे ज्ञान आणि त्याचे दहा तासांचे श्रम यांचे मोल रास्त आहे. परंतु गिऱ्हाईक एवढ्या दूर येते ते मोटारीसाठी नव्हे. ते येते लाव्हारस पाहण्यासाठी, हिमनदीच्या पाण्याचा बत्तीस मीटरांचा कोसळ पाहण्यासाठी, दर काही मिनिटांनी आकाशात झेप घेणाऱ्या स्त्रोक्कुर झऱ्यासाठी. यांतली एकही वस्तू कोणा उद्योजकाने निर्माण केलेली नाही. जी वस्तू कोणीच निर्माण केली नाही, तिच्या वाटेवर उभे राहून जे वसूल केले जाते, त्याला अर्थशास्त्रात खंड म्हणतात. रिकार्डोने १८१७ साली त्याची मीमांसा केली आणि मार्क्सने त्यामागील वर्गसंबंध उघडा केला. कुळाकडून खंड वसूल करणारा जमीनदार महाराष्ट्रातील वाचकाला नव्याने ओळख करून द्यावा लागत नाही. धबधब्याच्या तोंडाशी बसलेला जमीनदार त्याच जातकुळीचा आहे. फरक इतकाच की, त्याच्या हाती खतावणीऐवजी तिकिटांचे पुस्तक असते.

ही निव्वळ कल्पना नव्हे. 'गीझर' हा शब्द ज्याच्यावरून जगातील अनेक भाषांत गेला, त्या गेसिरची कथाच पाहावी. १८९४ साली तेथील शेतकऱ्यांनी ही जागा जेम्स क्रेग यांना विकली. व्हिस्कीच्या धंद्यावर धनवान झालेल्या घराण्यातील हे गृहस्थ पुढे १९२१ साली उत्तर आयर्लंडचे पहिले पंतप्रधान झाले. त्यांनी झऱ्याभोवती कुंपण घातले आणि प्रवेशशुल्क सुरू केले. पृथ्वीच्या पोटातून उसळणाऱ्या पाण्याला बेलफास्टचा मालक मिळाला! १९३५ साली सिगुर्दुर योनासन या आइसलँडच्या नागरिकाने ती जागा परत विकत घेतली आणि राष्ट्राला अर्पण केली. पण भोवतालच्या जमिनीत खाजगी हिस्सेदार उरलेच होते. मार्च २०१४ मध्ये त्यांनी माणशी सहाशे क्रोनर आकारण्यास प्रारंभ केला. माजी मंत्री व डाव्या-हरित पक्षाचे खासदार ओगमुंदुर योनासन यांनी तेथे जाऊन पैसे देण्यास जाहीर नकार दिला. सरकारने न्यायालयाकडून मनाई मिळविली, सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ती उचलून धरली आणि २०१६ साली सरकारने उरलेली जमीनही विकत घेतली.

गुलफॉसचा इतिहास याहून बोलका आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी या धबधब्यावर वीज निर्माण करण्यासाठी परदेशी भांडवल पुढे सरसावले होते. धबधबा भाडेपट्ट्याने दिलाही गेला. त्याविरुद्ध उभी राहिली ती शेतकऱ्याची मुलगी सिग्रीदुर तोमासदोत्तिर. तिने वकील केला, खटला चालविला, राजधानीपर्यंतची शंभरावर किलोमीटरांची वाट पायी तुडविली आणि यंत्रे आलीच तर धबधब्यात उडी घेईन, असे बजावले. न्यायालयात तिला यश मिळाले नाही. परंतु तिच्या झुंजीने काळ लोटला, लोकमत जागे झाले, आणि अखेर भाडे थकल्यामुळे पट्टा रद्द झाला. पुढे धबधबा सरकारच्या मालकीचा झाला आणि १९७९ साली त्याला संरक्षण मिळाले. तिचे वकील स्वेन ब्यर्नसन हे १९४४ साली आइसलँडच्या प्रजासत्ताकाचे पहिले अध्यक्ष झाले. आज खाजगी सहलीतला पाहुणा जेथे छायाचित्र काढतो, तेथे तिचे शिल्प आहे. ती नसती तर त्याला दाखविण्याजोगे तेथे काय उरले असते?

या तुलनेत आपल्या मुळशीची आठवण होणे अपरिहार्य आहे. सह्याद्रीही लाव्हारसाचाच बनलेला आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या. सिग्रीदुर झुंजत होती त्याच काळात, १९२१ साली, सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळातील शेतकरी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रहाला बसले. तेथेही पाण्याच्या कोसळाचे रूपांतर मुंबईसाठी विजेत करायचे होते. सिग्रीदुरचा धबधबा वाचला आणि मावळातील गावे बुडाली. एकीकडे निसर्ग कोमल होता व दुसरीकडे कठोर, असे नव्हे. भांडवलाच्या मागे राज्यसत्ता किती ठामपणे उभी होती, यातच या फरकाचे मुख्य कारण शोधावे लागते.

येथे प्रतिपक्षाचा युक्तिवाद पुढे येतो आणि तो टाळून चालणार नाही. '२०१० साली आइसलँडमध्ये पाच लाखांहून कमी पाहुणे येत होते. २०१८ साली ते तेवीस लाखांवर गेले. देशाची लोकसंख्या चार लाखही नाही. इतके पाय पडले तर शेवाळ तुडविले जाणार, पायवाटा खचणार. जे सर्वांचे ते कोणाचेच नसते. म्हणून किंमत लावा, मालक नेमा, निसर्ग आपोआप वाचेल.' गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली मांडलेल्या सामाईकाच्या शोकांतिकेचाच हा पडसाद आहे. केरिडच्या विवरापाशी खाजगी मालकांनी २०१३ पासून शुल्क घेण्यास आरंभ केला, तोही याच समर्थनासह.

या युक्तिवादातील पहिला भाग खरा आहे आणि दुसरा खोटा आहे. निसर्गावर ताण पडतो, हे खरे. त्यावर उपाय म्हणून मालकच हवा, हे खोटे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी स्वित्झर्लंडची कुरणे आणि जपानमधील गावकीची राने तपासून १९९० साली दाखवून दिले की, समुदाय स्वतः नियम करून सामाईक संपत्ती पिढ्यान् पिढ्या सांभाळू शकतात. २००९ चे नोबेल पारितोषिक त्यांना याच संशोधनासाठी मिळाले. शिवाय मालकाचे हित कशात असते? जितके पाय अधिक, तितकी तिकिटे अधिक. पाय कमी पडावेत असे त्याला वाटण्याचे कारणच काय? संख्येवर मर्यादा, पायवाटांची निगा, जखमी भूमीला विसावा, ही कामे सार्वजनिक सत्तेलाच करावी लागतात. त्यासाठी लागणारा पैसा जो नफा कमावतो त्याच्याकडूनच कररूपाने घेता येतो. प्रत्यक्षात २०१६ साली सहली व स्नानकुंडे यांना अकरा टक्क्यांचा सवलतीचा कर लागू झाला, आणि सर्वसाधारण दर मात्र चोवीस टक्के होता. म्हणजे धंद्याला सवलत आणि धबधब्याला दारिद्र्य! मग त्या दारिद्र्याकडे बोट दाखवून तिकिटाची मागणी करायची, अशी ही चाल आहे.

गरम पाण्याचे उदाहरण घेतले तर चित्र अधिकच स्पष्ट होते. रेक्याविकच्या बायका एके काळी धुण्याची ओझी घेऊन सुमारे तीन किलोमीटर चालत लॉगारदालुरच्या उष्ण झऱ्यांवर जात. उकळत्या पाण्यात पडून काही जणी दगावल्या, तेव्हा कोठे झऱ्यांवर लोखंडी कमानी बसविण्यात आल्या. १९३० साली तेच पाणी नळाने शहरात आणून प्रथम एका शाळेला ऊब दिली गेली. आज देशातील दहांपैकी नऊ घरे भूगर्भातील उष्णतेने तापतात आणि गावोगावी नगरपालिकांचे गरम पाण्याचे तलाव आहेत. तेथे मासेमार, शिक्षिका आणि मंत्री एकाच पाण्यात बसतात. ही सार्वजनिक मालकीची फळे आहेत.

आता 'निळे सरोवर' पाहावे. हे जगप्रसिद्ध स्नानस्थान म्हणजे नैसर्गिक झरा नव्हेच. स्वार्त्सेंगीच्या औष्णिक केंद्रातून १९७६ नंतर लाव्हाच्या खडकांत सोडलेल्या पाण्याचे ते तळे आहे. ते केंद्र नगरपालिका व सरकार यांच्या मालकीच्या संस्थेने उभारले होते. २००७ साली सरकारने आपला हिस्सा विकला आणि त्यानंतर वीजकंपनी एका कॅनडियन कंपनीच्या हाती गेली. गायिका ब्यर्क हिच्या पुढाकाराने त्याविरुद्ध चाळीस हजारांहून अधिक सह्या जमल्या, तेही तीन लाखांच्या देशात. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये शेजारचे ग्रिंडाविक हे गाव भूकंपांमुळे रिकामे करावे लागले. डिसेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२५ या काळात तेथे नऊ वेळा ज्वालामुखी उसळला. वीजकेंद्राभोवती मातीचे प्रचंड बांध घातले गेले. संसदेने त्यासाठी घरादारांवर तात्पुरता कर बसविला. त्या बांधांच्या आत निळे सरोवरही सुरक्षित राहिले. संकटाचा खर्च सर्वांनी वाटून घ्यायचा आणि संकट टळताच उत्पन्न मात्र मूठभरांचे! भांडवलशाहीचा हा जुनाच हिशेब आहे.

आणि ज्यांच्या श्रमांवर हा सारा डोलारा उभा आहे, त्यांचे काय? पाहुण्याची खोली झाडणारी स्त्री बहुधा स्थलांतरित असते. ८ मार्च २०१९ रोजी, आंतरराष्ट्रीय महिलादिनी, 'एफ्लिंग' या कामगार संघटनेच्या शेकडो हॉटेल कामगारांनी संप केला. त्याच महिन्यात बसचालकही त्यांच्यासोबत उतरले. पुढच्याच महिन्यात वेतनकरार झाला. २०२३ साली पुन्हा संप करावा लागला. सहलीच्या जाहिरातीत हिमनद्या दिसतात, ज्वाला दिसतात, परंतु चादरी बदलणारे हात दिसत नाहीत. वाटाड्याचाही वर्ग हाच आहे. तो पाहुण्याशी कितीही हसून बोलला, तरी दिवसअखेर त्याच्या हाती मजुरीच पडते.

यातून निघणारा धडा आइसलँडपुरता मर्यादित नाही. सह्याद्रीच्या धबधब्यांखाली, वज्रेश्वरीच्या कुंडांपाशी आज जो कोणी कुंपणाची पहिली मेख ठोकू पाहील, तो निसर्गरक्षणाचीच भाषा बोलेल, हे कार्यकर्त्यांनी ध्यानी ठेवावे. त्याला तीन प्रश्न विचारावेत. ही वस्तू निर्माण कोणी केली? तिची निगा कोणाच्या पैशाने राखली जाते? आणि वसूल झालेला खंड कोठे जातो? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या दोहोंशी जुळत नसेल, तर ते कुंपण काढून टाकण्याची मागणी न्याय्य आहे.

सिग्रीदुरपाशी पक्ष नव्हता, संघटना नव्हती, अर्थशास्त्राची पदवीही नव्हती. पाणी विकायचे नसते, एवढेच तिला ठाऊक होते. ज्यांच्यापाशी संघटना आहे, त्यांची जबाबदारी तिच्याहून मोठी आहे.