गुरुत्वीय लहरी आणि भाकरीचा हिशेब

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथील ‘लायगो-इंडिया’ वेधशाळेसाठी केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. ज्या मराठवाड्यात शेतकरी कर्जापायी जीव देतो, तेथे अवकाशातील लहरी मोजण्याची ही चैन कशासाठी, असा प्रश्न आपल्यातील अनेकांना पडतो. प्रश्न प्रामाणिक आहे. तो उडवून लावणे समाजवाद्यांना शोभणार नाही.

आधी या खर्चातून पदरात काय पडते, ते पाहू. गुरुत्वीय लहरींचे भाकीत आइन्स्टाइन यांनी १९१६ साली केले. प्रत्यक्ष वेध लागला तो १४ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेतील दोन वेधशाळांत. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती. त्या लहरीने चार किलोमीटर लांबीच्या भुजांत घडवलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाहूनही शेकडो पटींनी लहान होता. पुढे २०१७ साली दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर नोंदली गेली आणि सोन्यासारखी जड मूलद्रव्ये अशा टकरींत घडतात, याला बळकट पुरावा मिळाला. लहर कोणत्या दिशेने आली हे अचूक ठरवण्यासाठी परस्परांपासून दूर असलेल्या वेधशाळा लागतात. औंढ्याचे महत्त्व यात आहे. शिवाय ही विद्या आपल्याला परकी नाही. कोलाहलातून क्षीण संकेत वेगळा काढण्याच्या गणिती पद्धतींवर पुण्याच्या ‘आयुका’त संजीव धुरंधर व त्यांचे सहकारी १९९० च्या दशकापासूनच काम करीत होते.

आता खर्च. २,६०० कोटी म्हणजे दरडोई वीस रुपयांहूनही कमी, आणि तोही अनेक वर्षांत विभागलेला. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांवरील कर घटवताना वर्षाकाठी १,४५,००० कोटींच्या महसुलावर पाणी सोडावे लागेल, असे सरकारनेच सांगितले होते. औंढ्याचा सगळा खर्च त्या एका वर्षाच्या सवलतीच्या दोन टक्केही भरत नाही. गरिबाच्या तोंडचा घास वेधशाळेने काढलेला नाही. ज्यांनी तो काढला, त्यांना आपण विज्ञानाशी भांडत बसलेलेच हवे आहोत.

मूलभूत ज्ञान ही खऱ्या अर्थाने सार्वजनिक संपत्ती आहे. एकाने घेतल्याने ती दुसऱ्यासाठी कमी होत नाही, आणि म्हणूनच नफ्यावर डोळा ठेवणारे भांडवल तिच्या वाटेस जात नाही. तिचा भार समाजानेच उचलावा लागतो.

मात्र समाजाने भार उचलायचा, तर समाजाचा हक्कही मान्य झाला पाहिजे. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना पूर्ण मोबदला, स्थानिक तरुणांना तांत्रिक प्रशिक्षण व कायम नोकऱ्या, आणि खर्चाचा जाहीर हिशेब यांसाठी आपण झगडले पाहिजे. वेधशाळा नको, ही आपली मागणी नसावी. ती वेळेवर पूर्ण करा आणि तिचे दरवाजे औंढ्याच्या शाळकरी मुलांसाठी उघडे ठेवा, ही असावी.