संडास पाहिल्याशिवाय आराखडा नको

स्वमग्न मुलाची फाइल उघडली की पहिल्या पानावर काय दिसते? नजर देतो का, नावाला वळतो का, किती शब्द बोलतो, एका जागी किती वेळ बसतो. पुढच्या सहा महिन्यांची उद्दिष्टेही याच क्रमाने लिहिली जातात. शी-शूची नोंद शोधायची तर 'स्वयंसाहाय्य' या रकान्यापर्यंत जावे लागते आणि तिथे बहुतेक वेळा एकच ओळ असते: 'आईला मार्गदर्शन केले'. पुनर्मूल्यांकनाच्या वेळीही तीच ओळ पुन्हा उतरते. मूल सहाचे होते, नऊचे होते, डायपरचे माप वाढत जाते. आई लग्नकार्याला जाणे सोडते, लांबचा प्रवास सोडते, आणि आपल्या फाइलमध्ये यातले काहीच येत नाही.

आपल्याकडे मोजमापाची साधने नाहीत असे म्हणता येणार नाही. नागपूरच्या डॉ. ए. जे. मालिन यांनी विनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणीचे भारतीय रूप केले, त्याला अर्धशतक उलटून गेले. शौचाला जायचे सांगणे आणि शौचानंतर स्वतःचे स्वतः आवरणे ही दोन्ही कलमे त्यात आहेत. मद्रास डेव्हलपमेंटल प्रोग्रॅमिंग सिस्टिममध्ये तर अठरा विभागांपैकी एक संपूर्ण विभाग शौचाचा आहे. आपण गुण देतो, वय काढतो आणि पुढे जातो. मोजलेल्या गोष्टीवर काम मात्र घरावर सोपवतो. शौच प्रशिक्षण हे केंद्राचे काम आहे. व्यवसायोपचार, वाचोपचार आणि विशेष शिक्षण या तिघांनी मिळून करायचे आणि तेही आराखड्याच्या पहिल्या पानावर, असे या अंकाच्या निमित्ताने आम्हाला आग्रहाने म्हणायचे आहे.

सुरुवात पोटापासून करावी लागेल. स्वमग्न मुलांत बद्धकोष्ठता वारंवार आढळते आणि तितक्याच वारंवार आपल्या नजरेतून सुटते. कारण पालक सांगतात, 'रोज होते हो, उलट दिवसातून चार-पाच वेळा चड्डी खराब होते.' चार-पाच वेळा थोडे थोडे पातळ होणे हे आतडे मोकळे असल्याचे लक्षण नाही. गुदाशयात कडक मळ साचलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ मळ पाझरतो. मुलाला तो कळत नाही, रोखता येत नाही. भरलेला गुदाशय मूत्राशयावर दाबतो, म्हणून लघवीही वरचेवर होते. अशा मुलाला दर अर्ध्या तासाने संडासात बसवून बक्षिसे देण्यात काही अर्थ नाही. पडद्यामागे जाऊन चवड्यांवर उभे राहणे, पाय आवळून घेणे, घामेजणे यांना आपण 'वर्तनसमस्या' म्हणून नोंदवतो. खरे तर मूल शी दाबून धरत असते, कारण मागच्या वेळी दुखले होते.

आहाराचाही यात वाटा आहे. दूध, बिस्किटे, दहीभात, वेफर यांपलीकडे ताट जात नसेल तर आतड्यांकडून काय अपेक्षा करायची? औषधांची यादीही तपासा. रिस्पेरिडोनसारख्या औषधाने बद्धकोष्ठता होऊ शकते, कधी लघवीवरचा ताबाही सुटतो. असे दिसले तर औषध आपण थांबवायचे नाही, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना कळवायचे. बालरोगतज्ज्ञ आधी साचलेला मळ मोकळा करतात आणि मग मळ मऊ ठेवणारे औषध कित्येक महिने सुरू ठेवतात. ते औषध 'सवय लागेल' या धास्तीने पंधरा दिवसांत बंद होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पालकांची ही धास्ती दूर करणे आपल्याही कामात बसते, कारण डॉक्टरांपेक्षा आपली भेट जास्त वेळा होते. आणि विड्याच्या पानाचा देठ किंवा साबणाची कांडी वापरण्याचे घरगुती उपाय या मुलांवर करू नयेत, हेही स्पष्ट सांगावे. स्पर्शाने आधीच बेजार होणाऱ्या मुलाला त्यातून एकच गोष्ट पक्की कळते, की त्या खोलीत आपल्याला दुखवले जाते.

पोट मोकळे झाले की मग खोलीकडे वळायचे. आपण वाचलेली बहुतेक पुस्तके कमोड गृहीत धरून लिहिलेली आहेत. कोरडी फरशी, हाताशी कागद, घरच्यांपुरता वापर. आपल्याकडे येणारे मूल कुठे बसते? एखाद्याच्या घरी भारतीय पद्धतीचे भांडे, ओली फरशी, कोपऱ्यात बादली आणि मग. एखाद्याचा चाळीतला सामायिक संडास, बाहेर रांग आणि दारावर थापा. एखाद्याच्या घरी कमोड, पण आजोळी भांडे. संडास कसा आहे हे माहीत नसताना कृतीचे टप्पे लिहिणे म्हणजे न पाहिलेल्या पायाला बुटाचे माप देणे.

उकिडवे बसणे हीच पहिली परीक्षा आहे. चवड्यांवर चालण्याची सवय असलेल्या अनेक स्वमग्न मुलांच्या पोटऱ्या आखडलेल्या असतात. टाचा टेकत नाहीत, तोल मागे जातो, मग मूल भिंत धरते किंवा उठून पळते. आपण लिहितो, 'बसायला नकार'. व्यवसायोपचार तज्ज्ञाने घोट्याची हालचाल तपासली, पोटऱ्यांचे ताण घेतले, टाचांखाली पाचर ठेवून कोरड्या जागी उकिडवे बसण्याचे खेळ घेतले आणि संडासात धरायला एक दांडी लावून घेतली, तर तो नकार पुष्कळदा विरतो. ज्या घरी कमोड आहे तिथे उलटी अडचण असते: पाय लोंबकळतात, पोटाला जोर मिळत नाही. पायांखाली पाट किंवा स्टूल ठेवून गुडघे कमरेच्या थोडे वर आणले की बरेच काम होते.

त्यानंतर त्या खोलीचा त्रास. ओल्या फरशीचा तळव्यांना होणारा स्पर्श, फिनेलचा वास, एक्झॉस्ट पंख्याची घरघर, फ्लशचा आवाज, भांड्यातला काळोखा खड्डा. यातले नेमके काय नकोसे आहे ते एकेक बाजूला करून पाहावे लागते. फ्लश मूल बाहेर आल्यावर करता येतो. फरशी कोरडी ठेवून चपला देता येतात. डायपरमध्येच शी करणाऱ्या मुलाला आधी डायपरसह संडासाच्या खोलीत न्यावे, मग डायपरसह बसवावे, मग डायपरला भोक पाडून बसवावे आणि ते भोक वाढवत न्यावे. हा मार्ग संथ आहे, पण मुलावर जबरदस्ती होत नाही.

कपड्यांची गोष्ट किरकोळ वाटते, पण शाळेतल्या कितीतरी तक्रारी तिथून येतात. भांड्यावर बसायचे म्हणून घरी चड्डी पूर्ण काढून खुंटीला अडकवायची सवय लावली जाते. तेच मूल शाळेत संडासातून उघडे बाहेर येते आणि 'वर्तनसमस्या' म्हणून पुन्हा आपल्याकडे पाठवले जाते. चड्डी गुडघ्यापर्यंत उतरवून बसायला शिकवायचे की पूर्ण काढून, हे सुरुवातीलाच ठरवा. पूर्ण काढायची असेल तर पुन्हा घालून मगच कडी उघडायची, हाही एक टप्पा म्हणून शिकवा. गणवेशाच्या पँटचे हुक आणि बटण सुटत नसेल तर शाळेशी बोलून इलॅस्टिक लावून घ्या.

धुणे हा तर पाश्चात्त्य पुस्तकांत जवळपास नसलेला धडा. उजव्या हाताने मग तिरका धरून पाणी सोडायचे, त्याच वेळी डावा हात मागे नेऊन न पाहता धुवायचे आणि तोल सांभाळायचा. दोन्ही हातांची इतकी गुंतागुंतीची कृती आपण 'स्वच्छता राखतो' या दोन शब्दांत गुंडाळतो. ती रंगीत पाण्याने, बाहुलीवर, मग अंघोळीच्या वेळी स्वतःच्या अंगावर, अशी सुटी सुटी शिकवता येते. 'स्वच्छ होईपर्यंत धू' यातून मुलाला काही कळत नाही. 'तीन मग' कळते. बादलीशेजारी तीन चित्रे किंवा तीन खुणा पुरतात. जेट स्प्रे असेल तर तो मुलाचे खेळणे होण्याआधी त्याचाही नियम ठरवून घ्या.

आपल्याकडे एक जुनी रीत आहे. आजी पाय लांब करून बसते, बाळाला पावलांवर बसवते आणि तोंडाने 'शू' असा आवाज काढते. आवाज, आसन आणि लघवी यांची सांगड बाळाच्या मनात बसते. ही रीत ज्या घरी चालू होती तिथे पायाभरणी झालेली असते, तिचा उपयोग जरूर करावा. मात्र मोठ्या स्वमग्न मुलात हाच आवाज अडसर ठरू शकतो. कुणी 'शू' केल्याशिवाय लघवी होतच नाही, मग शाळेत दिवसभर कोरडे आणि घरी आल्यावर दारातच चड्डी ओली. सूचना द्यायची तर ती कमी कशी करत नेणार, हे त्याच दिवशी ठरवायला हवे.

याच कारणासाठी 'शू आली का?' असे दर थोड्या वेळाने विचारत राहणे थांबवावे असे आमचे ठाम मत आहे. पुष्कळ मुले हा प्रश्नच जसाच्या तसा उचलतात आणि खरोखर लागली असताना 'शू आली का' असेच म्हणतात. नव्या शिक्षिकेला ती मागणी आहे हे उमगत नाही. जे मुलाने म्हणायला हवे तेच आपण म्हणावे, किंवा न बोलता चित्रकार्ड हातात द्यावे. बोलता येईपर्यंत शौच प्रशिक्षण थांबवण्याची गरज नाही. गळ्यातले किंवा दारावरचे एक कार्डही मागणी पोहोचवते.

'अजून तयार नाही' या शब्दांविषयीही बोलायला हवे. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ मध्ये मुलाच्या तयारीला धरून चालण्याची पद्धत मांडली, ती वाढीत मागे नसलेल्या मुलांच्या अनुभवावरून. स्वमग्न मूल ओल्या चड्डीची तक्रार करेल, मोठ्यांचे अनुकरण करेल, आपणहून सांगेल, या खुणांची वाट पाहत बसलो तर वर्षे निघून जातात. साधारण तासभर कोरडे राहता येते का आणि दोन-तीन मिनिटे बसता येते का, एवढे पाहून सुरुवात करता येते. बसण्याची सवय तर त्याही आधी लावता येते.

दुसऱ्या टोकाला 'तीन दिवसांत डायपरमुक्त' अशा जाहिराती आहेत. नेथन ॲझ्रिन आणि रिचर्ड फॉक्स यांनी १९७१ मध्ये जलद प्रशिक्षणाची पद्धत प्रसिद्ध केली. भरपूर पाणी पाजणे, ठरावीक अंतराने बसवणे, लगेच बक्षीस, ओलावा कळवणारी घंटा. ते काम संस्थेत राहणाऱ्या, तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांबरोबर झाले होते. म्हणून पंधरा वर्षांच्या मुलाच्या पालकांना 'आता वेळ गेली' असे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण त्या पद्धतीत चड्डी भरल्यावर ती धुवायला लावणे, पुन्हा पुन्हा संडासापर्यंत चालवणे अशा शिक्षाही होत्या. पुढच्या अनेक संशोधकांनी त्या वगळून काम केले. आपल्या घरांत आणि शाळांत आजही चापटी बसते, चारचौघांत 'शी, घाण' म्हटले जाते. चड्डी ओली झाली तर न बोलता, चेहरा न बदलता कपडे बदलावेत. शिक्षा झालेले मूल लपून करायला शिकते.

कामाची सुरुवात आठवडाभराच्या नोंदीने होते. दिवसा दर अर्ध्या तासाने चड्डी कोरडी की ओली, जेवण-पाणी कधी, शी कधी आणि कशी. त्यातून मुलाची स्वतःची वेळ सापडते आणि बसवायचे ते त्या वेळेच्या जरा आधी. शीसाठी जेवणानंतरची वीस-पंचवीस मिनिटे महत्त्वाची, कारण पोटात अन्न गेले की मोठे आतडे हलू लागते. रात्रीचा ताबा शरीर आपल्या गतीने मिळवते, त्याला या कामात ओढू नये. ही नोंद कोण ठेवणार? धुणीभांडी करायला चार घरी जाणारी आई दिवसभर ठेवू शकणार नाही. तिच्यासाठी रविवार आणि संध्याकाळ पुरेशी मानून आपण नोंदवही आखावी, आणि शाळेच्या वेळेतली नोंद शाळेने ठेवावी.

शाळेत हे काम प्रत्यक्षात मावशी करतात. कोणते मूल कोणत्या वेळी कासावीस होते, कोण दार लावू देत नाही, कोणाला कोणता नळ लागतो, हे त्यांना तोंडपाठ असते. आपल्या बैठकांना त्यांना बोलावले जात नाही, त्यांना कोणी प्रशिक्षण देत नाही, हातमोजेही त्या मागून घेतात. मदत किती करायची आणि कुठे थांबायचे हे त्यांना न समजावल्याने घरी सुटलेली मदत शाळेत पुन्हा सुरू होते. मुलाला कोण, केव्हा, दार कसे ठेवून मदत करेल हे लेखी असावे. मुलाच्या सुरक्षिततेसाठी ते हवेच, आणि मावशींच्या सन्मानासाठीही हवे. ज्या शाळा 'शी-शू सांगत नाही' म्हणून प्रवेश नाकारतात, त्यांना दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चे कलम १६ दाखवावे. शासनाच्या निधीवर किंवा मान्यतेवर चालणाऱ्या शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि गरजेनुसार सोयी कराव्यात, असे त्यात आहे. पत्रासोबत मुलाचा शौच आराखडा जोडला तर मुख्याध्यापकांची भीतीही कमी होते.

संडास पाहण्यासाठी घरी जाणे नेहमी जमत नाही. तेव्हा पालकांकडून रिकाम्या संडासाचे फोटो मागवा: भांडे, नळ, कडी, दिव्याचे बटण. मुलाचा बसलेला फोटो किंवा व्हिडिओ मागू नका, पालकांनी पाठवला तर पुसून टाका आणि का पुसला ते सांगा. व्हॉट्सॲपच्या पालकगटात 'आज पहिल्यांदा केली' याचा आनंद वाटताना मुलाचे नाव आणि चित्र येता कामा नये. ते मूल उद्या पंधरा वर्षांचे होणार आहे.

भारतीय भांडे, मग-बादली आणि सामायिक संडास धरून लिहिलेले मराठी टप्पे आणि चित्रपट्ट्या आपल्याकडे फार थोड्या आहेत, आणि ज्या आहेत त्या एकेका केंद्राच्या कपाटात. तुमच्या केंद्रात वापरात असलेले टप्पे, नोंदवहीचे पान, मावशींसाठी केलेली सूचनापत्रे आमच्याकडे पाठवा. मुलाची ओळख पटेल असे काही नको. संडास कसा होता, मूल कोणत्या टप्प्यावर अडले आणि तुम्ही काय बदलले, एवढे मात्र लिहा. जे जमले नाही तेही पाठवा. छापण्याआधी बालरोगतज्ज्ञ आणि पालक दोघांकडून तपासून घेऊ, आणि चित्रपट्ट्या कापून भिंतीवर लावता येतील अशा आकारात देऊ.